बोलावलेले आणि मुलकी : हैदराबादेत माहिती तंत्रज्ञान कसे आले



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत कंप्युटर कंपन्यांवर काय बोलायचे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय मी मुद्दाम घेतला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे राहिलो. त्यानंतर आपल्या घरांमध्ये इतका मोठा बदल करणारी दुसरी घटना म्हणजे माधापूरच्या खडकांवर उभी राहिलेली ती गोल इमारत. आपली किती मुले तिथे कामाला लागली, किती तिथून अमेरिकेला गेली आणि काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा, शालीबंडा इथली किती घरे त्यामुळे बंद झाली, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या नात्यागोत्यात करून पाहावा. ज्या गोष्टीने घर बदलले तिचा इतिहास माहीत असायला हवा.

हा इतिहास बहुधा एका माणसाची करामत म्हणून सांगितला जातो. चंद्राबाबू नायडू लॅपटॉप घेऊन बिल गेट्सना भेटले आणि हैदराबादचे सायबराबाद झाले, ही ती गोष्ट. त्यांचे विरोधक सांगतात की पाया आमच्या काळात घातला गेला होता. दोघांच्या भांडणात मला पडायचे नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. सरकार बाहेरच्या भांडवलाला आणि माणसांना बोलावते तेव्हा ते नेमके काय देते, ते कोणाचे असते आणि जे आधीपासून इथे आहेत त्यांचे काय होते? या प्रश्नाला हैदराबादेत जुना शब्द आहे : मुलकी आणि गैरमुलकी. माहिती तंत्रज्ञानाची गोष्ट मी आज त्या शब्दाच्या आधाराने सांगणार आहे.

१. जुनी बोलावणी

पहिला सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाला तेव्हा संस्थानाचे जमाखर्चाचे कागद सरकारच्या हाती नव्हते. ते दोन घराण्यांच्या हाती होते. दफ्तर-ए-माल मालवाला या कायस्थ घराण्याकडे आणि दफ्तर-ए-दिवाणी रायरायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे. मराठवाड्याच्या बाजूचा महसूल रायरायानांच्या दफ्तरात होता. ज्याच्याकडे कागद त्याच्याकडे सत्ता, हे त्या काळाचे साधे गणित होते. सालारजंगाने ही दफ्तरे सरकारकडे ओढून घेतली, जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमले आणि नव्या कारभारासाठी उत्तरेकडून इंग्रजी जाणणारी माणसे बोलावली. सय्यद हुसेन बिलग्रामी आणि मोहसिन-उल-मुल्क ही त्यांतली ठळक नावे. कारभार सुधारला यात शंका नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या कागद सांभाळणाऱ्या घरांचे महत्त्व गेले, आणि इथले विरुद्ध बाहेरचे ही कुरबूर सुरू झाली ती कायमची.

माणसांप्रमाणे भांडवलालाही बोलावणे गेले. वाडी ते सिकंदराबाद रेल्वे १८७४ मध्ये सुरू झाली. ती पुढे चांद्याकडे आणि बेजवाड्याकडे न्यायची म्हणून १८८३ मध्ये लंडनमध्ये कंपनी उभारण्याचे ठरले. भांडवल टाकणाऱ्यांना संस्थानाने २० वर्षे दरसाल ५ टक्के व्याजाची हमी दिली. नफा झाला तर कंपनीचा आणि तूट आली तर खजिन्यातून, असा मामला. अटी काय आहेत ते लोकांना सांगा, एवढीच मागणी काही शहाण्या माणसांनी केली. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे त्यांचे पुढारी. दोघांनाही हद्दपार करण्यात आले. आपल्या शहरात आधुनिक अर्थाने लोकमत जागे झाले ते या चांदा रेल्वेच्या प्रकरणात, असे म्हणता येईल.

तीन वर्षांनी खाणींची पाळी आली. १८८६ मध्ये संस्थानातील खाणींची सनद दोघा इंग्रजांना दिली गेली. त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली, बहुतेक शेअर पैसे न भरता स्वतःकडे ठेवले आणि मग बाजारात भाव चढवला. संस्थानाचा अधिकारी सरदार अब्दुल हक याने त्यांतलेच शेअर संस्थानाच्या पैशाने चढ्या भावाने घेतले. १८८८ मध्ये या व्यवहाराची चौकशी खुद्द ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीसमोर झाली. गंमत अशी की रेल्वे खरीच झाली आणि सिंगरेणीचा कोळसाही खराच निघाला. आजही निघतो. म्हणजे बोलावणे चुकीचे नव्हते, पण अटी झाकून ठेवल्या होत्या. हा फरक आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

२. मुलकी म्हणजे कोण

बाहेरच्यांच्या भरतीविरुद्धचा असंतोष वाढत गेला आणि १९१९ मध्ये सातव्या निजामाचे मुलकी फर्मान निघाले. सरकारी नोकरी मुलकीलाच मिळेल. मुलकी कोण? जो इथे जन्मला तो, किंवा जो १५ वर्षे इथे राहिला आणि ज्याने परत न जाण्याचे लिहून दिले तो. ही व्याख्या लक्षात ठेवावी. तिच्यात भाषा नाही, धर्म नाही, जातही नाही. राहणे आणि राहण्याचा इरादा, एवढेच आहे.

आपली घरे या व्याख्येत सुखाने बसत होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे संस्थानातच होते. केशवराव कोरटकर हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोहोचले. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली, १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय झाले. आपले आजोबा घरी मराठी बोलत, कचेरीत उर्दू लिहीत आणि मुलाला इंग्रजी शिकवत. जी भाषा कारभाराची ती वेळेवर शिकून घ्यायची, ही आपली शेती होती. कूळकायद्यात ती जाणारी नव्हती.

पोलीस कारवाईनंतर, १९४८ च्या पुढे, मद्रास इलाख्यातून अधिकारी आणि शिक्षक आले आणि मुलकी प्रश्न पुन्हा पेटला. सप्टेंबर १९५२ मध्ये सिटी कॉलेजजवळ विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९६९ मध्ये तेलंगणाचे मोठे आंदोलन झाले. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलकी नियम वैध ठरवले तेव्हा पलीकडच्या बाजूने जय आंध्र आंदोलन उठले. अखेर १९७३ च्या सहा कलमी सूत्रात मुलकी नियम रद्द झाले आणि त्यांच्या बदल्यात जी कलमे आली त्यांतले एक असे की हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ काढावे.

ते विद्यापीठ १९७४ मध्ये सुरू झाले. त्याची सुरुवात गोल्डन थ्रेशोल्ड या चट्टोपाध्याय-नायडू कुटुंबाच्या घरात झाली. ज्या अघोरनाथांना रेल्वेच्या अटी विचारल्या म्हणून शहर सोडावे लागले, त्यांच्याच कुटुंबाचे हे घर. विद्यापीठाला पुढे गच्चीबावली इथे सुमारे २,३०० एकर जागा मिळाली. तेव्हा तिथे खडक, सीताफळीची झाडे आणि तळी होती. शहराने पश्चिमेकडे टाकलेले ते एक मोठे पाऊल होते. सायबराबादची वाट अशी मुलकीच्या भांडणातून फुटली.

३. पंचवीस वर्षांची पेरणी

नायडू १ सप्टेंबर १९९५ रोजी मुख्यमंत्री झाले. त्याआधी या शहरात काय होते ते पाहू. रामचंद्रपुरमला भेल, बालानगरला औषधांची आयडीपीएल, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा, मौलाअलीकडे अणुइंधनाचा कारखाना. आपल्या विषयापुरती सर्वांत महत्त्वाची १९६७ मध्ये निघालेली ईसीआयएल. तिचे मूळ तुर्भ्याच्या अणुकेंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात होते. डॉ. ए. एस. राव यांनी ते रोप इथे आणून लावले आणि देशी बनावटीचे सुरुवातीचे कंप्युटर या कंपनीने बांधले. सीएमसी या दुसऱ्या सरकारी कंपनीचे संशोधन केंद्र सिकंदराबादेत होते. १९८५-८६ मध्ये रेल्वे आरक्षण कंप्युटरवर आले ते सीएमसीच्या कामामुळे.

१९५६ नंतर तेलुगू राज्यात आपल्याला राज्य सरकारच्या नोकऱ्या कठीण झाल्या, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण या केंद्र सरकारच्या कारखान्यांत लागले. उर्दूची जागा आता गणिताने आणि इंग्रजीने घेतली होती, पण रीत तीच होती.

१९८७ मध्ये सत्यम निघाली. १९९१ मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणली. निर्यातीवर आयकराची सूट, आयातीचे सोपे नियम आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे उपग्रहाचा दुवा. अमीरपेटेच्या मैत्रीवनम इमारतीत हे केंद्र बसले. आउटसोर्सिंगचे गमक या दुव्यात आहे. अमेरिकेत संध्याकाळ होते तेव्हा इथे दिवस उजाडतो. तिकडचे काम रात्रीतून इकडे येते आणि तिकडे सकाळ होईपर्यंत पुरे होऊन परत जाते. बंदर नको, वॅगन नको. समुद्र नसलेल्या हैदराबादला ही निर्यात मानवली यात नवल नाही. पुढे सन २००० च्या तारखेचा घोळ निस्तरायला अमेरिकेला हजारो हात हवे झाले आणि मैत्रीवनमभोवतीच्या गल्ल्यांमध्ये चार-सहा आठवड्यांत कंप्युटर शिकवणारे वर्ग गच्च भरले. या गल्ल्यांनी किती घरे उभी केली ते वेगळे सांगायला नको.

म्हणजे शिकलेली माणसे होती, कारखाने होते, दुवा होता. तरीही १९९५ मध्ये कंपन्यांच्या यादीत पहिले नाव बंगळूरचे असे. मग नायडूंनी काय केले?

४. सरकारने काय दिले

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी वेळ दिला, स्वतःचा आणि सरकारचा. १९९७ मध्ये दिल्लीत बिल गेट्सशी भेट झाली. दहा मिनिटे ठरली होती ती चाळीस मिनिटे चालली, असे नायडू स्वतः सांगत आले आहेत. मुख्यमंत्री स्वतः पडद्यावर आकडे दाखवून आपले राज्य विकतो आहे, हे तेव्हा नवे होते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे केंद्र हैदराबादेत सुरू झाले. कंपनी लहान प्रमाणात आली, पण तिचे नाव मोठे होते. एक मोठे नाव आले की बाकीच्यांना समजवावे लागत नाही, हे नायडूंनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट तयार छप्पर. कंपनीला जमीन घेऊन, परवाने काढून, इमारत बांधून, वीज जोडून काम सुरू करायला दोन-तीन वर्षे लागत. सरकारने लार्सन अँड टुब्रोबरोबर भागी केली. ८९ टक्के वाटा कंपनीचा आणि ११ टक्के सरकारच्या औद्योगिक महामंडळाचा. माधापूरला सुमारे दीडशे एकर जागा हायटेक सिटीसाठी राखली आणि सायबर टॉवर्स ही दहा मजली गोल इमारत सव्वा वर्षाच्या आत उभी केली. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. भाडे भरा, टेबल मांडा, काम सुरू करा, असा तो बेत होता.

तिसरी गोष्ट माणसे तयार करण्याची. १९९८ मध्येच गच्चीबावलीला ट्रिपल आयटी निघाली. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना मोकळीक दिली गेली आणि काही वर्षांत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. दर्जाबद्दल काय ते आपण जाणतोच, पण कंपनीला हवी ती संख्या मिळाली. चौथी गोष्ट, सरकार स्वतःच गिऱ्हाईक झाले. जमिनीच्या दस्तांची नोंदणी १९९८ मध्ये कंप्युटरवर आली, बिले भरण्यासाठी २००१ मध्ये ई-सेवा केंद्रे निघाली. रजिस्ट्रार कचेरीत ज्यांनी दिवसचे दिवस घालवले आहेत त्यांना यातले सुख कळेल.

पाचवी गोष्ट सवलती. १९९९ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात एक कलम होते. कंपनी जितक्या नोकऱ्या निर्माण करील त्या प्रत्येक नोकरीमागे जमिनीच्या किमतीत २०,००० रुपयांची सूट. हजार नोकऱ्या दिल्या तर दोन कोटी माफ. शिवाय विजेचा सवलतीचा दर, मुद्रांक शुल्कात कपात आणि निरीक्षकांच्या फेऱ्यांतून सुटका. या कलमाकडे मुलकीच्या नजरेने पाहावे. त्यात नोकऱ्या मोजल्या होत्या. त्या कोणाला मिळतात हे मोजले नव्हते. ज्या शहराने शंभर वर्षे इथला कोण आणि बाहेरचा कोण यावर रक्त आटवले, त्या शहराच्या सरकारने हा प्रश्नच विचारायचा नाही असे ठरवले. माझ्या मते नायडूंच्या धोरणातले सर्वांत धाडसी पाऊल हे होते, आणि पुढच्या अडचणींचे बीजही यातच होते.

हे पाऊल किती मोलाचे होते ते आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले की कळते. इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ही संस्था उद्योगपती मिळून काढणार होते आणि त्यांचा पहिला विचार मुंबईचा होता. राज्य सरकारच्या अटींवरून बोलणी फिसकटली. स्थानिकांसाठी जागा राखण्याचा मुद्दा त्यात होता, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून आले होते. नायडूंनी संस्थाचालकांना हैदराबादला बोलावले, गच्चीबावलीजवळ सुमारे अडीचशे एकर जागा देऊ केली आणि अटींचा घोळ ठेवला नाही. डिसेंबर २००१ मध्ये वाजपेयींनी तिचेही उद्घाटन केले. मुंबईकडे भांडवल होते, पुण्याकडे कॉलेजे होती, १९९८ मध्ये महाराष्ट्रानेही माहिती तंत्रज्ञान धोरण आणले आणि हिंजवडी उभी राहिली. महाराष्ट्र मागे पडला असे मी म्हणणार नाही. पण मुलकी हा शब्द ज्या शहरात जन्मला त्याने तो खिशात ठेवला आणि मुंबईने तो टेबलावर मांडला, हे मात्र खरे.

५. जमीन कोणाची

आता सर्वांत जुना प्रश्न. बंगळूर आणि पुणे जमिनीसाठी शेतकऱ्यांशी झगडत असताना हैदराबादच्या सरकारकडे शहरालगत एवढी जमीन आली कुठून? याचे उत्तर निजामीतच आहे. शहराभोवतीचा मुलूख सर्फेखास, पायगा आणि जागिरींमध्ये वाटलेला होता. १९४९ मध्ये सर्फेखास सरकारात विलीन झाला आणि जागिरी रद्द झाल्या. त्यामुळे रायदुर्ग, मणिकोंडा, गच्चीबावली या गावांतल्या खडकाळ जमिनी आणि चराईची रानेवने सरकारी दफ्तरात आली. पन्नास वर्षे त्यांना किंमत नव्हती. सायबर टॉवर्सचे दिवे लागले आणि ते खडक सोन्याचे झाले. २००१ मध्ये सुमारे ५२ चौरस किलोमीटरसाठी सायबराबाद विकास प्राधिकरण नेमले गेले.

पण दफ्तरात आली म्हणून जमीन निर्विवाद सरकारची झाली असे नाही. मणिकोंडा जागीर हे मोठे उदाहरण. हजरत हुसेन शाह वली यांच्या दर्ग्याशी जोडलेली १,६५४ एकर जमीन वक्फ आहे, असा वक्फ बोर्डाचा दावा होता. मायक्रोसॉफ्ट, इन्फोसिस, विप्रो, आयएसबी यांना दिलेल्या जागा त्यात येत होत्या. हायकोर्टाने वक्फचे म्हणणे मानले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि जमीन राज्य सरकारची ठरवली. जगातल्या सर्वांत नव्या धंद्याचा निकाल असा जुन्या सनदा आणि मुन्तखबांच्या वाचनावर लागला. रायरायानांच्या दफ्तरखान्यातली माणसे असती तर त्यांना यात नवे काही वाटले नसते.

विद्यापीठाच्या बाजूचे प्रकरण तर अगदी ताजे आहे. विद्यापीठाच्या आवारातील ४०० एकर जमीन २००३-०४ मध्ये सरकारने एका क्रीडा कंपनीला देण्याचा करार केला. २००६ मध्ये पुढच्या सरकारने तो रद्द केला. खटला २०२४ पर्यंत चालला आणि सरकार जिंकले. मार्च २०२५ मध्ये तिथे नवीन वसाहत उभारण्यासाठी रात्रंदिवस झाडे पाडायला सुरुवात झाली. विद्यार्थी आडवे आले आणि एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने काम थांबवले. कागदोपत्री जमीन सरकारची आहे, हे मान्य करूनही प्रश्न उरतो : बोलावणाऱ्याने आलेल्यांना काय काय द्यावे? अघोरनाथांनी रेल्वेबद्दल विचारले होते तेच या मुलांनी विचारले.

६. किंमत आणि हिशेब

बोलावण्याचा खर्च दुसऱ्या बाजूनेही झाला. दोन रुपये किलो तांदूळ आणि दारूबंदी यांनी रिकाम्या झालेल्या खजिन्यासाठी राज्याने १९९८ मध्ये जागतिक बँकेचे सुमारे ५४ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. आधीच्या काळात असे कर्ज देशांना मिळे, राज्याला नव्हे. त्याबरोबर अटी आल्या. विजेचे दर वाढले आणि २८ ऑगस्ट २००० रोजी बशीरबागेत मोर्च्यावर गोळीबार होऊन तिघे मेले. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लिंटन शहरात येऊन गेले होते. पाठोपाठ दुष्काळ पडला, महबूबनगर-अनंतपूरच्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. २००४ मध्ये नायडूंच्या पक्षाला २९४ पैकी ४७ जागा मिळाल्या.

सरकार गेले, पण धोरण टिकले. राजशेखर रेड्डी शेतकऱ्यांच्या नावाने निवडून आले आणि त्यांच्याच काळात मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, १५८ किलोमीटरच्या बाहेरच्या रिंगरोडचे काम लागले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या प्रमुखाने खोट्या हिशेबाची कबुली दिली तेव्हा सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांच्या घरात काळजी शिरली. आपल्यातल्याही अनेकांच्या. केंद्राने नवे संचालक नेमले आणि एप्रिलमध्ये ती कंपनी पुण्याच्या टेक महिंद्राकडे गेली. खाणीच्या शेअरांची १८८८ ची चौकशी ज्यांना माहीत होती त्यांना कोळशासारखाच इथेही धंदा खरा आणि हिशेब खोटा हे ओळखीचे वाटले असेल.

आणि खिशात ठेवलेला मुलकी शब्द? तो पुन्हा बाहेर आला. पश्चिमेकडच्या त्या काचेच्या इमारतींत तेलंगणाच्या गावांतले किती, हा प्रश्न वेगळ्या राज्याच्या आंदोलनात पुन्हा पुन्हा विचारला गेला. २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले. ज्यांनी हा प्रश्न विचारला तेच सत्तेवर आले आणि त्यांनी बोलावण्याचे काम नायडूंपेक्षाही जोरात चालवले. परवाने ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत तर ते मिळाले असे धरावे, असा कायदा २०१४ मध्येच केला. २०१५ मध्ये नव्या उद्योजकांसाठी टी-हब काढले. राज्य सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची निर्यात सुमारे ५७,००० कोटी रुपयांची आणि नोकऱ्या सव्वातीन लाखांच्या आसपास होत्या. २०२२-२३ मध्ये निर्यात २ लाख ४१ हजार कोटींवर आणि नोकऱ्या ९ लाखांवर गेल्या. स्थानिकांना घेणाऱ्या उद्योगांना जादा सवलत द्यायचे २०२० मध्ये ठरले, पण सक्ती कोणी केली नाही. २०२४ मध्ये कर्नाटकाने सक्तीचे विधेयक आणले आणि उद्योगांनी ओरड करताच ते बाजूला ठेवले.

या सगळ्यातून मला दिसते ते असे. बोलावणे यशस्वी झाले ते आधीच्या पेरणीमुळे. सरकारी कारखाने, विद्यापीठ आणि शिकलेली माणसे नसती तर दहा मिनिटांची भेट दहा मिनिटांतच संपली असती. नायडूंचे श्रेय वेळ वाचवण्यात आणि अटी सोप्या ठेवण्यात आहे, आणि ते मोठे आहे. पण दिले ते मुख्यतः जमीन, आणि जमीन एकदाच देता येते. म्हणून अटी उघड असाव्यात, हा १८८३ चा धडा आजही तितकाच खरा.

७. आपले काय

शेवटी आपल्या घराकडे. या नव्या शहराने आपल्याला पुष्कळ दिले. १९५६ नंतर आपल्या मुलांना न तेलुगू राज्यात पूर्ण हक्क होता, न महाराष्ट्रात कोणी ओळखत होते. कंप्युटरच्या नोकरीने दाखला मागितला नाही. पण त्याच नोकरीने आपली वस्ती उसवली. मोहल्ल्यात चालत जाऊन गाठता येणारी शाळा, वाचनालय, गणपती यांपासून मुले वीस किलोमीटर दूर गेली. कोंडापूर-मियापूरकडून कोठीला यायला रविवारची अर्धी दुपार जाते. सभासद घटले ते मराठीचे प्रेम आटले म्हणूनच, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी बाजूही आहे. त्याच कोंडापूर-गच्चीबावलीत लातूर, नांदेड, नागपूर, पुण्याहून आलेली मराठी कुटुंबे राहत आहेत. आपण त्यांना अजून ‘ते आयटीवाले’ म्हणतो. त्यांची मराठी आपल्यासारखी दखनी वळणाची नाही, त्यांना गौलीगुडा माहीत नाही, त्यांचे गणपती सोसायटीच्या आवारात बसतात. आपल्या लेखी ते गैरमुलकी. पण निजामाचे फर्मान काढून पाहा : १५ वर्षे राहिला आणि परत न जाण्याचा इरादा आहे तो मुलकी. सायबर टॉवर्सचे दिवे लागून पंचवीस वर्षे उलटली. त्या सुमाराला आलेला आणि इथे घर घेतलेला प्रत्येक जण त्या मोजमापाने केव्हाच मुलकी झाला आहे. त्याची मुले तर जन्मानेच मुलकी.

आपले पूर्वजही कधीतरी कोणाच्या बोलावण्यावरूनच इथे आले होते. कोणी दफ्तर लिहायला, कोणी वकिलीला, कोणी शाळेत शिकवायला. आज सुलतान बाजारहून मेट्रोत बसले तर एकदा गाडी बदलून हायटेक सिटीला उतरता येते. म्हणून माझी संस्थेला विनंती आहे की या व्याख्यानमालेचे पुढच्या वर्षीचे एखादे पुष्प तिकडे गुंफावे. आपण त्यांना बोलवायला जावे. सरकारने कंपन्यांना बोलावले तेव्हा जमीन दिली. आपल्याकडे द्यायला शंभर वर्षांची पुस्तके आहेत, आणि अटी झाकून ठेवण्यासारखे काही नाही.